दगडाचे खत सेंद्रिय म्हणावे काय?
(द्वितीय वर्ष कला)

गेल्या मे महिन्यात गावी गेले होते. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, लांजा तालुक्यात. भोईवाड्यातली आमची खोली आणि गावचे घर यांच्यामध्ये आमच्या कुटुंबाची ये-जा तीन पिढ्या चालू आहे. या खेपेस घरात शिरते तोच पडवीत एक गोणी दिसली. आत करड्या रंगाची बारीक भुकटी. आजोबा गोणीकडे बोट दाखवून धाकट्या काकांना विचारीत होते, "घर बांधायला घेतलंस काय? सिमेंट कशाला आणलंस?"

"सिमेंट नाही, खत आहे. रॉक फॉस्फेट."

"म्हणजे काय?"

"एका जातीच्या दगडाचा चुरा. स्फुरद असतं त्यात."

"आणि बाग सेंद्रिय करतोयस ना तू? दगड कधीपासून सेंद्रिय झाला?"

काका गेली दोन वर्षे गावातल्या इतर बागायतदारांबरोबर आंब्याच्या सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी खटपट करीत आहेत. आंब्यासारख्या वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या झाडांना त्यासाठी तीन वर्षे वाट पाहावी लागते. त्या तीन वर्षांत एक चूक झाली तर सारे मुसळ केरात. म्हणून काका ठासून म्हणाले, "सरकारच्या यादीत आहे हे खत."

आजोबांनी उभी हयात परळच्या गिरणीत घालवली आणि 1982 च्या संपानंतर ते गावी येऊन राहिले. ते म्हणाले, "यादीत तर माझंही नाव आहे, घरांच्या."

यावर काकांपाशी उत्तर नव्हते. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. "तू कॉलेजात जातेस, तूच सांग." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे आयकराच्या नोटिशीपासून गुडघेदुखीच्या गोळ्यांपर्यंत सर्व कागद माझ्यापुढे येतात. पण मला यातले काही ठाऊक नव्हते. भूगोलाच्या पेपरात 'खनिज संपत्ती' एका प्रकरणात आणि 'शेती' दुसऱ्या प्रकरणात, एवढेच मी शिकले होते. मुंबईस परतल्यावर ग्रंथालयात बसून जे वाचले, लोकांना विचारून जे कळले, ते या लेखात मांडीत आहे.

प्रथम 'सेंद्रिय' या शब्दाचाच घोळ पाहू. रसायनशास्त्रात कार्बनची संयुगे ती सेंद्रिय. त्या हिशेबाने युरिया हा शुद्ध सेंद्रिय पदार्थ ठरतो. 1828 साली वोलर या जर्मन शास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत तयार केला, तेव्हा सजीवांच्या देहातच बनणारा पदार्थ काचेच्या नळीत बनला म्हणून शास्त्रज्ञ थक्क झाले होते. आणि दगड हा तर निरिंद्रियच. पण सेंद्रिय शेतीच्या नियमांत युरियाला पूर्ण बंदी आणि दगडाच्या भुकटीला, काही अटींवर, मुभा! म्हणजे आजोबांची शंका भाषेच्या दृष्टीने बिनतोड होती. सेंद्रिय शेतीतला 'सेंद्रिय' हा शब्द पदार्थाचे वर्णन करीत नाही. जमीन, जनावर, पीक आणि कुजणारा पाचोळा मिळून शेत हा एक जिवंत देह आहे, या कल्पनेचे ते नाव आहे. तेव्हा एखादा पदार्थ कशाचा बनला आहे यापेक्षा तो त्या देहात काय काम करतो, हे पाहणे भाग आहे.

या शेतीचा आद्य पुरस्कर्ता म्हणून सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव घेतले जाते. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम विलायतेत झाले नाही, ते आपल्या शेजारच्या इंदूरला झाले. 1924 साली तेथे सुरू झालेल्या संस्थेत त्यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली, आणि 1931 साली त्यावर जे पुस्तक निघाले त्यावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. हे दुसरे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. हॉवर्ड कृत्रिम खतांचे कडवे विरोधक. परंतु त्यांच्या कंपोस्टच्या खड्ड्यातही कुजताना होणारा आंबटपणा मारण्यासाठी लाकडाची राख किंवा चुनखडीची पूड घालावी असे सांगितलेले आहे. चुनखडी म्हणजे खाणीतला दगडच की! सेंद्रिय शेतीच्या पाळण्यातच दगड होता. मात्र तो चिमूटभर, आणि शेण-पाचोळ्याच्या सोबतीला.

आपल्या देशात 2001 साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या नियमांचा रोखही असाच आहे. खनिज खते शेणखत-कंपोस्टाच्या जोडीला पूरक म्हणून चालतील, त्यांच्या जागी नव्हे. ती जशी निसर्गात सापडतात तशीच वापरावी. दळली तर चालेल, पण लवकर विरघळावीत म्हणून त्यांवर रासायनिक प्रक्रिया करता येणार नाही. रॉक फॉस्फेट 'मर्यादित वापर' या सदरात मोडते, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विचारल्याशिवाय टाकायचे नाही. काकांना यादी माहीत होती, पण यादीतला 'मर्यादित' हा शब्द त्यांनी वाचला नव्हता, किंवा दुकानदाराने वाचू दिला नव्हता.

आता वाचक म्हणतील, दळलेले चालते आणि विरघळवलेले चालत नाही, हा कसला सोवळेपणा? मलाही प्रथम तसेच वाटले. त्याचे उत्तर भोईवाड्यापासून फार दूर नाही. चेंबूरला आरसीएफचा कारखाना आहे. तेथे 'सुफला' खत बनते. त्यासाठी लागणारे स्फुरद याच जातीच्या खडकातून येते. कारखान्यात खडकावर नायट्रिक आम्ल घालून तो विरघळवतात, पुढच्या प्रक्रिया करतात, आणि स्फुरद पिकाला चटकन मिळेल अशा रूपात येते. ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडात जॉन लॉज यांनी 1842 साली गंधकाम्ल वापरून सुपरफॉस्फेट बनवण्याचे पेटंट घेतले आणि रासायनिक खतांचा कारखानदारी जमाना तेथून सुरू झाला. सांगायचा मुद्दा असा की खडक एकच. आम्ल कारखान्यात भेटले की तो 'रासायनिक', आणि आम्ल शेतातल्या मातीत भेटले की तो 'सेंद्रिय'!

हे वाक्य थट्टेचे वाटेल, पण माझ्या मते सर्व गोम येथेच आहे. शेतातल्या मातीत खरोखर आम्ल असले पाहिजे. नसेल तर?

आमच्या कोकणची माती जांभ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस हजारो वर्षे कोसळून त्या मातीतला चुना धुऊन गेला आहे आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले आहे. म्हणून ती तांबडी आणि म्हणूनच आम्लधर्मी. खडूवर लिंबू पिळले तर खडू फसफसून विरतो, हे आपण शाळेत पाहिलेले असते. जांभ्याच्या मातीत दगडाच्या भुकटीचे तेच होते, फक्त फसफस दिसत नाही आणि काम महिनोन्‌महिने चालते. शिवाय या मातीतल्या लोहाला एक खोड आहे. पाण्यात विरघळणारे स्फुरद एकदम टाकले की लोह ते पकडून ठेवते, पिकाच्या हाती थोडेच लागते. भुकटीतून थोडे थोडे सुटणारे स्फुरद तेथे उलट सोयीचे पडते. दक्षिणेत चहाच्या आणि रबराच्या मळ्यांत, जेथे जमीन अशीच आम्लधर्मी आहे, तेथे ही भुकटी कित्येक वर्षे वापरात आहे. त्या मळ्यांना सेंद्रिय-रासायनिक या वादाशी काही कर्तव्य नव्हते. खत स्वस्त होते आणि लागू पडत होते, इतकेच.

आमच्या चाळीत समोरच्या खोलीतले काका कराडकडचे. कोकणी आणि घाटी हा वाद गॅलरीत रोज रंगतो. मी त्यांना हे सांगितले तेव्हा ते हसले. त्यांच्या भावाने उसाच्या रानात हीच भुकटी घातली होती. "दोन वर्षं झाली, पोरी. नांगरलं की अजून पांढरट दिसती. दगड तो दगडच." त्यांचे खरे होते आणि माझ्या काकांचेही खोटे नव्हते. देशावरची काळी माती चुनखडीयुक्त. तेथे चुना आधीच मुबलक आहे, आंबटपणा नाही, मग स्फुरदाचा दगड विरघळेल कशाने? यादीत नाव असल्यामुळे तो शेतकरी नियमाने सेंद्रियच राहिला, पण पिकाच्या मुखी काही पडले नाही. यादी संपूर्ण देशाला एक असते. माती मात्र घाट ओलांडला की बदलते.

काळ्या मातीत ही भुकटी अगदीच फुकट जाते असे मात्र नाही. ती शेण-पाचोळ्याच्या खड्ड्यात थराथराने घातली तर कुजताना जी सौम्य आम्ले तयार होतात ती दगडाला थोडेफार मऊ करतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणू बाजारात मिळतात, तेही असेच आम्ल सोडून काम करतात. म्हणजे पुन्हा तेच. दगडाला पचवण्यासाठी शेतात काहीतरी जिवंत असावे लागते.

येथे आमच्या काकांची आणखी एक चूक सांगते, कारण ती पुष्कळजण करीत असतील. माती आंबट आहे असे कळल्यावर त्यांनी त्याच पावसाळ्यापूर्वी चुनाही टाकायचे ठरवले होते. चुना आणि ही भुकटी एकदम टाकणे म्हणजे एका हाताने विस्तव पेटवून दुसऱ्या हाताने पाणी ओतणे. चुना आंबटपणा मारतो, आणि भुकटीला तर आंबटपणाच हवा असतो.

स्फुरदाविषयी मी इतके लिहीत आहे याचे कारण असे की त्याची गोष्ट नत्रासारखी नाही. नत्र हवेत भरपूर आहे. कुळीथ, चवळी, ताग, गिरिपुष्प यांच्या मुळांवरचे जिवाणू ते फुकट आणून देतात. म्हणून खाणीतले नत्रखत, म्हणजे चिलीचा सोरा, नैसर्गिक असूनही आपल्या नियमांत युरियाच्याच पंक्तीला बसवून बंद केले आहे. युरोपातही ते चालत नाही. अमेरिकेच्या नियमांत मात्र पिकाच्या एकूण नत्राच्या 20 टक्क्यांपर्यंत त्याला अनेक वर्षे मुभा होती. मला आपला नियम योग्य वाटतो. जी वस्तू घरच्या ओसरीत पिकते तिच्यासाठी वाळवंट खणायचे कशाला?

त्या वाळवंटाची कथा वाचताना मला परळ-लालबागची आठवण झाली. अटाकामाच्या वाळवंटातल्या सोऱ्यासाठी 1879 साली चिलीचे पेरू आणि बोलिव्हियाशी युद्ध जुंपले आणि बोलिव्हियाचा समुद्रकिनाराच गेला. 21 डिसेंबर 1907 रोजी इकिके शहरात संपावरचे सोरा-कामगार बायकामुलांसह एका शाळेत जमले असता सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे जर्मनीत हवेतून नत्र पकडण्याचा कारखाना 1913 मध्ये सुरू झाला आणि सोऱ्याचे धंदे बसत गेले. गावेच्या गावे ओस पडली. त्यांतली हंबरस्टोन आणि सांता लॉरा ही दोन ठिकाणे आता जागतिक वारसा म्हणून लोक पाहायला जातात. आमच्याकडे गिरण्यांच्या जागी मनोरे आले, तेथे संग्रहालय झाले, फरक एवढाच.

स्फुरदाचे तसे नाही. ते हवेत नाही. कोणतेही शेंगवर्गीय पीक ते आकाशातून आणून देत नाही. एक टन भातात साधारण दोन ते तीन किलो स्फुरद असते. ते जमिनीतूनच येते आणि भाताबरोबर शेताबाहेर जाते. जुन्या काळी कोकणात ते निराळ्या वाटांनी परत यायचे. उन्हाळ्यात कवळ तोडायची, शेण आणि पाचोळा घालून दाढीवर भाजावळ करायची, त्यावर भाताचे रोप काढायचे. किनाऱ्याकडे मासळीचे खत माडांना जायचे. पण यातला पालाही शेताबाहेरच्या रानातूनच येत असे. 'शेताबाहेरचे काही नको' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की आमच्या आज्या-पणज्यांचे भातशेतही रानाच्या जिवावर जगत होते.

आता उलटा हिशेब करू. आमच्या गावाहून दर वर्षी भोईवाड्यास तांदळाची गोणी येते, आंब्याच्या पेट्या येतात, कुळीथ येतात. आणि माणसे तर येतातच. यातून गावाकडे परत काय जाते? पूर्वी मनिऑर्डर जायची, आता मोबाइलवरून पैसे जातात. मातीतले मातीला काही जात नाही. मुंबईचे बरेचसे सांडपाणी वरळी आणि वांद्रे येथून समुद्राच्या पोटात तीन किलोमीटरहून अधिक आत नेऊन सोडले जाते. लांज्याच्या मातीतले स्फुरद आमच्या पोटातून जाऊन अरबी समुद्राला मिळते. दगडाची गोणी विकत का घ्यावी लागते, याचे खरे उत्तर या नळात आहे.

पूर्वी हे चक्र काही ठिकाणी पुरे होत असे. पुण्यासारख्या शहराचे सोनखत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उसाच्या मळ्यांत जाई. 'सोनखत' हा शब्द किती सुंदर! पण ते डोक्यावरून कोणी वाहिले, कोणत्या जातीच्या माणसांनी वाहिले, हे शब्दात दिसत नाही. तो धंदा बंद करण्यासाठी 1993 आणि 2013 साली कायदे करावे लागले. म्हणून जुन्या चक्राचे गोडवे गाताना माझी जीभ अडखळते. यंत्राने, स्वच्छपणे, कोणाच्या माथी न मारता ते चक्र पुन्हा जुळवता येईल तर उत्तम. तोवर शेतकऱ्याला 'दगड नको' असे सांगणे म्हणजे, आम्ही शहरातले लोक घेतच राहणार आणि तू मात्र कोठून भरतोस ते आम्हाला विचारू नकोस, असे म्हणण्यासारखे आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली, ते म्हणतात की बाहेरचे खतच नको. जमिनीत सर्व काही आहे, जीवामृताने जिवाणू आणि गांडुळे जागवा, ते काढून देतील. यात तथ्य आहेच. आमच्या तांबड्या मातीत लोहाने धरून ठेवलेले स्फुरद पुष्कळ असते आणि जिवाणू त्यातले काही सोडवतात. परंतु कोठीतले धान्य काढायची युक्ती सापडली म्हणजे कोठी कधीच रिकामी होणार नाही, असे कसे म्हणावे? पेट्या भरून आंबा बाहेर जात असेल तर कोठीत कधीतरी काही टाकावेच लागेल.

दुसऱ्या बाजूचेही एक सांगितले पाहिजे. दगड फुकट नाही आणि अक्षयही नाही. जगातल्या स्फुरद-खडकाच्या साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत, त्यांत वादग्रस्त पश्चिम सहारातलेही आले. आपण आपल्या गरजेचा बराच मोठा भाग जॉर्डन, मोरोक्को, इजिप्त अशा देशांतून आणतो. प्रशांत महासागरातले नाउरू हे चिमुकले बेट 1968 साली स्वतंत्र झाले तेव्हा त्याच्या मधल्या भागाची चाळण होत आली होती, आणि पुढेही खोदकाम चालूच राहिले. आज तेथे बहुतांश भागावर दगडांचे सुळके उभे आहेत, शेती होत नाही. आमची बाग सेंद्रिय व्हावी म्हणून दुसऱ्याचे शेत कायमचे जावे, हे बरे नव्हे. शिवाय काही खडकांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. म्हणून नियमांत त्यावरही लक्ष ठेवलेले असते, आणि म्हणूनच गोणीवर खाणीचे नाव आणि पृथक्करण नसेल तर ती घेऊ नये.

आपल्या देशातली मोठी खाण उदयपूरजवळ झामरकोटडा येथे आहे. साठा सापडला 1968 साली. तेथला खडक सुमारे 180 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि गंमत अशी की तो उथळ समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळवर्गीय जीवांच्या थरांतून घडला आहे. दगडात त्या थरांच्या वळ्या अजून दिसतात. हे मी आजोबांना फोनवर सांगितले. "म्हणजे एके काळी जिवंत होता म्हणायचा," ते म्हणाले. थोडे थांबून म्हणाले, "मग ते आधी सांगायचं."

काकांनी शेवटी प्रमाणपत्रवाल्यांना विचारले. त्यांनी मातीचा अहवाल मागितला. अहवालात आम्लता दिसली, उपलब्ध स्फुरद कमी दिसले, तेव्हा परवानगी मिळाली. चुना यंदा रहित झाला. शंभर किलो भुकटीत, मूलद्रव्य धरून, साधारण आठ-नऊ किलो स्फुरद बसते, आणि तेही सावकाश सुटणारे. म्हणजे तीन-साडेतीन टन भाताबरोबर जेवढे बाहेर जाते तेवढे. तेव्हा दर वर्षी गोणीमागून गोणी ओतण्याचे कारणच नाही. अर्धी गोणी शेण, आंब्याचा पाचोळा आणि गिरिपुष्पाच्या पाल्याबरोबर खड्ड्यात गेली, अर्धी पडवीत आहे. तपासनीस येईल तेव्हा खरेदीची पावती मागेल, म्हणून ती जपून ठेवायला मी सांगितले होते. आजोबांनी ती आपल्या गिरणीच्या पासाशेजारी पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे.